चंद्रभानाच्या हातावर दही

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि अमरावतीच्या कापूस बाजाराचा आधार असलेले शेषराव देशमुख. व्यासपीठावर बसलेले, विलायती कापूस-कोठीचे, आणि खुर्चीतसुद्धा घोड्यावर बसल्यासारखे ताठ दिसणारे हॅलमसाहेब. आमचे अडते नत्थुजी शेटजी. मांडवात दाटीवाटीने बसलेले व्यापारी, दलाल, मापारी, हमाल, गाडीवान आणि अकोल्यापासून पातुरापर्यंतच्या गावांतून आलेले शेतकरी बांधव. पलीकडे पडद्याआड बसलेल्या माता-भगिनी. आणि या सगळ्यांच्या मधोमध, नवरदेवासारखा, कुठे पाहावं हे न कळून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलेला आजचा उत्सवमूर्ती चंद्रभान परदेशी. आपणा सर्वांना बोरखेडीच्या खुशालराव पाटलाचा नमस्कार.

मले आज बोलायला उभं केलं... माफ करा, मला. इथल्या शाळेतले पुण्याकडचे मास्तर तिकडे खांबाला टेकून बसले आहेत. त्यांनी माझी तयारी करून घेतली आहे. ‘पाटील, सभेत मले म्हणायचं नाही, मला म्हणायचं, आणि हात हलवायचे नाहीत.’ मी म्हटलं, मास्तर, हात बांधले तर माझं तोंडच उघडत नाही. मग आमच्यात तडजोड झाली. हात माझे, भाषा त्यांची. मी घसरलो की ते खोकतील. तेव्हा खोकला ऐकू आला तर कोणी वैद्य बोलवायला धावू नये.

तर अध्यक्ष महाराज, आजचा प्रसंग आनंदाचा की दुःखाचा? साहेबांच्या कोठीने बुंदेलखंडात, बांद्याकडे, कापसाच्या गठाणी बांधायचा नवा कारखाना काढला आहे. त्याची सगळी व्यवस्था कोठीचा मुकादम असलेल्या आमच्या चंद्रभानाच्या हाती दिली आहे. संध्याकाळच्या गाडीने तो निघेल, रूळ जिथवर नेतील तिथवर रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने. एवढा मान आमच्या बाजारातल्या माणसाला मिळाला, म्हणून हा मांडव, हे पेढे, हे सनईवाले. ते सनईवाले सकाळपासून लग्नातलीच सनई वाजवून राहिले आहेत. (खोकला आला. राहिले नाही, वाजवीत आहेत.) त्यांना दुसरं काही येत नाही, त्याला आपण काय करणार?

आनंदाचा प्रसंग तर खराच. पण बाजारात एक वाक्य फिरतंय. चंद्रभानाचा जन्म तिकडचा, बुंदेलखंडातला. आपल्याकडे नर्मदेपलीकडून आलेल्या प्रत्येकाला आपण परदेशी म्हणतो, तसं त्याचंही नाव पडलं. म्हणून लोक म्हणतात, ‘परदेशी आपल्या देशी चालला, आता कशाला परत येतो?’ कोणी वाईट मनाने म्हणत नाही. पण हे वाक्य आमच्या घरी पोचलं. माझी माय पार्वताबाई आता थकली आहे, तिला दिसतं कमी, ऐकू मात्र जास्त येतं. ते वाक्य ऐकल्यापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. जणू मीच चंद्रभानाला हाकलून देतो आहे. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाली, ‘भाषण कर, नाही तं नको करू. थो परत येते का नाही, थे पाहून ये.’

आता हे मी पाहू कसं? माणूस परत येईल की नाही हे काय बोंड दाबून कळतं? पण मायचा हुकूम आहे. तेव्हा मला चंद्रभानाची थोडी कुळकथा सांगावी लागेल. साहेबांना ती ठाऊक नाही. तुम्हापैकी पुष्कळांना वाटतं, हा मनुष्य जन्मतःच सगळ्यांशी जमवून घेणारा आहे. तसं नाही. ही कला तो आमच्या घरी शिकला, आणि ती शिकताना त्याने आमच्या गावाची पुरती त्रेधा उडवली होती.

तिकडे मोठा दुष्काळ पडला तेव्हाची गोष्ट. त्याची माय जमुनाकाकी त्याला घेऊन पायी पायी बोरखेडीला पोचली. वडील वाटेतच नर्मदाकाठी तापाने गेले. आम्ही दोघं एका वयाचे, नऊ-दहा वर्षांचे. माझ्या मायने त्यांना आमच्या मळ्यावरची खोली दिली आणि जमुनाकाकी तिथे भाजीपाला करू लागली. तिची वांगी अशी पिकत की आमचे वडील जेवताना रोज वांग्याला नावं ठेवत आणि रोज दुसऱ्यांदा मागून घेत.

चंद्रभान मात्र क्षणभर रिकामा बसत नसे. परक्या गावातलं लेकरू रिकामं बसत नाही. आपण उपयोगाचे दिसलो नाही तर इथून उठवतील, ही भीती त्याच्या पोटात असते. मी सारवणावर लोळत असायचो आणि हा माझ्याच घरचं दावं वळत असायचा. मला त्याचा भारी राग यायचा, कारण वडील त्याच्याकडे बोट दाखवून मला शिव्या द्यायचे.

तशात पोळा आला. आमच्या घरच्या जोडीला गावात पहिला मान. सकाळी बैल न्हाऊ घातले, शिंगं रंगवली, अंगावर नव्या झुली घातल्या आणि सगळे पुरुष पागोटी बांधायला घरात गेले. पागोटी बांधायला आमच्याकडे किती वेळ लागतो हे अध्यक्ष महाराजांना ठाऊक आहे. त्यांचं आजचं पागोटं पाहिलंत ना? बाहेर येऊन पाहतो तर बैल गायब. तिकडे तोरणाखाली सगळं गाव वाजंत्री लावून उभं, आणि पाटलाची जोडी नाही. पाटलाच्या जोडीशिवाय पोळा फुटत नाही. गावभर शोध. शेवटी मळ्याकडून मोटेचं कुरकुरणं ऐकू आलं. पाहतो तर काय, नव्या झुलींसकट बैल मोटेला जुंपलेले, झुली चिखलाने भरलेल्या, आणि चंद्रभान मोठ्या उत्साहाने काकीच्या वांग्यांना पाणी देतोय. त्याने आपलं पाहिलं, बैल रिकामे उभे आहेत, आज कोणी काम काढलेलं नाही, चला, आपण करून टाकू.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू! अहो, आमच्याकडे त्या दिवशी बैलाला कोणी रागाने हाकसुद्धा मारत नाही. वडील चाबूक घेऊनच निघाले. जमुनाकाकी लेकराला पाठीशी घालून उभी. तेवढ्यात माझी माय मधे आली, त्या पोराच्या समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘काहून रे, तुह्या देशात बैलाचा सण कवा असते?’

पोरगं म्हणालं, ‘काही नाही.’

मायने पुन्हा विचारलं, पण वेगळं. ‘बरं, तुही माय बैलाले कवा ओवाळते?’

तेव्हा ते पोरगं बोललं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गोडधोड चारतात. माय उठली आणि वडिलांना म्हणाली, ‘पाहा, त्याच्या इकडं आज बैलाचा कामाचा दिवस हाये. त्यानं तं काम केलं. थ्याले मारता कायले?’ वडिलांच्या हातातला चाबूक खाली आला. आणि मायने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की आमच्या घरी पोळाही होईल आणि दिवाळीचा दुसरा दिवसही होईल. तेव्हापासून आमच्या बैलांना वर्षात दोन सण असतात. बाजारात आमच्या घरची जोडी विकायला नेली की गिऱ्हाईक विचारतं, ‘पाटील, याले दोन्ही सुट्या द्या लागतात काय?’

पण सज्जनहो, चुकायची पाळी आमच्यावरही आली. दिवाळीचा दुसरा दिवस उजाडला आणि चंद्रभानाने बोलणं बंद केलं. हातात मोरपिसांची जुडी धरून हा गावभर नाचत फिरतोय, पण तोंडातून शब्द नाही. हाक मारा, चिमटा काढा, लाडू दाखवा, काही नाही. मी घाबरून घरी पळत आलो. ‘माय, परदेश्याले काही तरी लागलं.’ मायही घाबरली. भगत आला, लिंबू आले, धूप पेटला. भगताने मोरपिसांनीच त्याला झाडायला घेतलं, तर हा त्याच्या हातची पिसं ओढून घेऊन आणखी जोरात नाचू लागला. भगत म्हणाला, भूत उत्तरेकडचं आहे, जास्त पैसे पडतील. जमुनाकाकी भाजी घेऊन अकोल्याच्या बाजाराला गेलेली. ती तिन्हीसांजेला परतली, तिने हा तमाशा पाहिला आणि हसून हसून उंबऱ्यातच बसली. त्यांच्याकडे त्या दिवशी गुराखी मौन धरतात. दिवसभर मुक्याने नाचायचं असतं. पोराने एवढ्या दूर येऊनही आपला नेम पाळला होता, आणि आम्ही त्याच्या नेमाला धूप दाखवत होतो. माय म्हणाली, ‘म्याच इचाराले पाह्यजे होतं.’ भगताला लाडू देऊन वाटेला लावलं.

मी हे का सांगतो आहे? तर साहेब, तुमच्या या मुकादमाची सगळी विद्या या दोन दिवसांत आहे. कोणी विपरीत काही करताना दिसलं की आपण काय करतो? ओरडतो. तो काय करतो? विचारतो, तुमच्याकडे हे कसं असतं? आणि त्याला हेही ठाऊक आहे की पहिलं उत्तर नेहमी ‘काही नाही’ असंच येतं. कारण परक्यासमोर आपली रीत सांगायला माणूस लाजतो. तो स्वतः लाजला होता ना. म्हणून पहिल्या उत्तराशी तो थांबत नाही, आईपर्यंत जातो.

या बाजारात कच्छी आहेत, मारवाडी आहेत, तेलंगणातले कोमटी आहेत, विलायतेचे साहेब आहेत, आणि आम्ही वऱ्हाडी तर आहोतच. चंद्रभान कोणाच्याही दारात गेला की आधी उंबऱ्याशी थांबतो. चपला कुठे काढल्या आहेत, आधी पाणी देतात की गूळ, घरातल्या कोणाला पहिला नमस्कार जातो, हे सगळं एका नजरेत पाहून घेतो. जो लहानपणी दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला असतो, त्याला उंबरा दिसतो. आपल्याला तो ठेच लागल्यावर दिसतो.

आम्ही वऱ्हाडी बोलायला रोखठोक, हे खरं. पण पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणं आम्हाला जमत नाही. हॅलमसाहेब नवे होते तेव्हा त्यांनी एका शेतकऱ्याला विचारलं, गाड्या उद्या पाठवतोस का? तो म्हणाला, ‘पाहू.’ साहेब बिचारे बंगल्याच्या ओट्यावर दुर्बीण घेऊन गाड्यांची वाट पाहत बसले. शेवटी चंद्रभानाने त्यांना समजावलं, ‘साहेब, वऱ्हाडात ‘पाहू’ म्हणजे नाही. ‘नाही’ म्हणजे अजून बसा. आणि ‘घरी इचारतो’ म्हणजे घरी विचारून झालेलं आहे.’ साहेब आता स्वतःच सगळ्यांना ‘पाहू’ म्हणतात. परवा मी त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं तर मलाच म्हणाले, ‘पाहू.’

आता मूळ प्रसंगाकडे येतो. अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहत आहेत, पण गाडीला वेळ आहे.

तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या बोंडांना सोन्याचं मोल आलं, त्या साली आपण सगळेच थोडे वेडे झालो होतो की नाही? नत्थुजी शेटजींनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि मग त्या कोणी काढून नेऊ नयेत म्हणून बैलांजवळ पहारेकरी बसवला. माझ्या एका चुलत्याने छत्री विकत घेतली आणि ऐन हिवाळ्यात उघडून फिरू लागला. पण भाव वाढला तसा लबाडपणाही वाढला. वजन भरावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारू लागले. मी कोणाकडेही पाहत नाही, मी समोर पाहतो आहे. त्या ओल्या कापसाच्या गठाणी विलायतेला पोचेपर्यंत सडत, आणि साहेबांच्या कोठीवाल्यांचा आपल्या सगळ्यांवरचाच विश्वास उडाला. साहेब तेव्हा नुकतेच आलेले. त्यांना सांगून पाठवलेलं, ज्या गावात कोणी कापूस भिजवताना दिसेल त्या गावाचं नाव यादीतून काढून टाकायचं, तिथला कापूस पुन्हा घ्यायचा नाही.

आणि साहेब बोरखेडीला आले नेमके आमच्या सीतादहीच्या दिवशी.

साहेब, तुम्हाला आता माहीत आहे, पण सभेत मुंबईकडचेही पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्या बाया वावरातल्या एका चांगल्या झाडाखाली पाच खडे मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि त्या ओळीवर दही शिंपडतात. दह्यासारखा पांढरा कापूस येऊ दे, असं म्हणतात. हे झाल्याशिवाय कोणी बोंडाला हात लावत नाही. तर माझी माय हातात दह्याचा गडवा घेऊन ओळीवर शिंपडत निघालेली, मागे पन्नासभर बाया गाणं म्हणत चाललेल्या, आणि समोरून बांधावर साहेबांचा घोडा.

साहेब ओरडले, ‘ये लोग कपास को पानी मारता है!’

गाणं थांबलं. साहेबांनी घोडा सरळ ओळीत घातला आणि मायच्या समोर आडवा उभा केला. आता बघा कसा पेच पडला. साहेब म्हणतात, हे थांबवल्याशिवाय मी हलत नाही. बाया म्हणतात, हे पुरं झाल्याशिवाय आम्ही वेचत नाही. अर्ध्यात मोडलेली पूजा म्हणजे वर्षभराचा अपशकुन. वावर तर फुटून पांढरंशुभ्र झालेलं. आभाळ भरून आलेलं, वेचणी लांबली तर कापूस झाडावरच भिजणार. आणि साहेब चिडून परत गेले तर बोरखेडीच्या नावावर कायमचा डाग. मी गावचा पाटील. मी काय केलं? मी साहेबांच्याहून मोठ्याने ओरडलो. त्यांना माझं कळत नव्हतं, मला त्यांचं कळत नव्हतं, पण शेजारच्या दोन गावांना आमच्या दोघांचंही ऐकू गेलं. माय मला म्हणाली, ‘थो काहून वराडून राहिला? आन तू काहून वराडून राहिला?’

साहेबांच्या मागे दुसऱ्या तट्टावर चंद्रभान होता. तेव्हा तो कोठीत नवा दुभाष्या होता. त्याच्या जागी आपण असतो तर? पुढे पोटाला देणारा साहेब, समोर जिने वाढवलं ती माय. साहेबांची बाजू घ्यावी तर माय तुटते, मायची घ्यावी तर नोकरी. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड पोळ्याच्या दिवशी झालं होतं तसंच झालेलं.

तो खाली उतरला. जोडे काढले. साहेबांना उतरायला हात दिला. आणि विचारलं, ‘साहेब, तुमच्या मुलखात पहिलं पीक काढायच्या आधी काय करतात?’

साहेब म्हणाले, ‘कुछ नहीं.’

मी कपाळाला हात लावला. पण मायच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिने हे उत्तर आधी ऐकलेलं होतं.

चंद्रभान म्हणाला, ‘बरं. तुमच्या आई काय करतात?’

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, आमच्याकडे सफरचंदाची बाग आहे. थंडीच्या दिवसांत एका रात्री सगळं घर दिवे घेऊन बागेत जातं. त्या फळाची केलेली दारू आई झाडांच्या मुळांशी ओतते. पाव दारूत भिजवून फांद्यांत ठेवते, पाखरांसाठी. आणि मग सगळे जण डबे बडवून आरोळ्या ठोकतात, म्हणजे जे काही वाईट असेल ते बागेतून पळून जावं.

चंद्रभानाने हे बायांना वऱ्हाडीत सांगितलं. मग एका कोपऱ्यातून आवाज आला, ‘दारू? झाडाले?’ आणि पन्नास बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माय म्हणाली, ‘मंग याले सारं मालूम हाये तं हा आपल्यावर वराडते काहून? इचार त्याले, याच्या मायनं झाडाले दारू पाजली तं फळ भिजवलं म्हन्ते का कोनी?’

हे भाषांतर करताना चंद्रभान जरा अडखळला. पण केलं. आणि साहेब हसले. वऱ्हाडात आल्यापासून पहिल्यांदा हसले असावेत, कारण त्यांचा घोडा दचकला.

मग चंद्रभानाने त्यांना ती गोष्ट सांगितली जी सांगायला हवी हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. त्या ओळीचा कापूस आम्ही विकतच नाही. त्याच्या देवाच्या वाती होतात. आम्हाला वाटायचं, हे कोणाला ठाऊक नसतं? चंद्रभानाला ठाऊक होतं की कोणाकोणाला ठाऊक नसतं.

त्यानंतर जे झालं ते साहेबांच्या परवानगीने सांगतो. हलवताय ना मान? ते ‘पाहू’ तर नाही ना? तर मायने साहेबांच्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, शिंपड. साहेबांनी शिंपडलं. मग खोगिराच्या पिशवीतून एक चपटी बाटली काढली आणि मोठ्या अदबीने विचारलं, माझ्या आईच्या नावाने मीही घालू का? बाया दहा पावलं मागे सरल्या, पण माय म्हणाली, ‘घालू दे, त्याची माय दूर हाये.’ साहेबांनी घातली. तिथवर सगळं ठीक होतं. पण मग त्यांना आरोळीची आठवण झाली. त्यांनी स्वयंपाकाची परात उचलली, तिच्यावर काठी मारली आणि अशी आरोळी ठोकली की वाईट काही पळालं असेल नसेल, माझे बैल गाडीसकट पळाले. थेट शेजारच्या तुरीत. गावचा पाटील एका हाताने धोतर आणि एका हाताने पागोटं धरून त्यांच्या मागे, आणि वावरात पन्नास बाया, एक साहेब आणि एक परदेशी पोट धरून हसतायत. पाऊस यायच्या आत वेचणी झाली. ती ओळ आजही आमच्या गावात, हॅलमचं आलम करून, आलमसाबची ओळ म्हणून ओळखतात, आणि दर वर्षी साहेब आपली चपटी बाटली घेऊन हजर असतात. आम्ही परात लपवून ठेवतो.

आता चंद्रभान, तुझ्याकडे वळतो. तू देशी चाललास म्हणतात. गेल्या साली तिकडचे व्यापारी आले तेव्हा मी ऐकलं होतं. तू त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायला गेलास आणि ते हसायला लागले. म्हणाले, हा कोण वऱ्हाडी? तू हसलास, पण घरी आल्यावर जेवला नाहीस. तिकडे गेल्यावर तू पुन्हा उंबऱ्याशीच उभा राहणार आहेस. पुन्हा पाहणार आहेस, चपला कुठे काढल्या आहेत. मला त्याची चिंता नाही. त्यात तू तयार आहेस. मला चिंता माझ्या मायची आहे. खरं सांगू? मायचं नाव पुढे करतो आहे, पण मलाही तुझ्याशिवाय करमणार नाही. इतकी वर्षं माझ्यासाठी कोणी दावं वळलं, कोणी माझ्या ओरडण्यातून मला सोडवलं? तू नसताना मी ओरडायला लागलो तर मला थांबवायचं कोणी?

अध्यक्ष महाराज, इथे तबकात शेला आणि पागोटं तयार आहे. आपण आता ते चंद्रभानाला द्यायला उठणार, एवढ्यात मी आडवा आलो, त्याची क्षमा असावी. शेला सुंदर आहे, तो त्याला द्याच. पण मायचं म्हणणं असं की शेला-पागोटं आपण पाहुण्याला देतो, सोयऱ्याला देतो. घरचं माणूस घरातून निघालं तर आपण त्याला काय देतो? हातावर दही देतो. दही घेतलं की निघालेला माणूस सुखरूप परत येतो.

जमुनाकाकी आज नाही. ती होती तेव्हा एकदा माझ्या मायजवळ बोलली होती. दुष्काळात घर सोडलं त्या पहाटे ती उंबऱ्यात उभी राहिली. त्यांच्याकडेही दहीच देतात. पण गाय आधीच गेलेली, घरात दही कुठलं? तिने आपला रिकामा हात लेकराच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, समज दिलं. बापाच्याही हातावर ठेवला. ती माणसं परत गेली नाहीत. बाप तर नर्मदेच्या पुढेसुद्धा आला नाही. काकी म्हणायची, ‘दही मिला नहीं, तो लौटते कैसे?’

माय हे विसरली नाही. पडद्याआड ती सकाळपासून मांडीवर गडवा घेऊन बसली आहे. तोच गडवा, साहेब, तुम्ही ओळखाल. बायामाणसाने भर सभेत पुरुषांच्या व्यासपीठावर यावं अशी आपल्याकडे रीत नाही, ठाऊक आहे मले. मास्तर, खोका ना. का खोकत नाही? बरं. तर अध्यक्ष महाराज, आपण रीत मोडली असं कोणी म्हणालं तर माझं नाव सांगा. वाट द्या, तिला कमी दिसते. साहेब, धरा तिचा हात, पायरी आहे तिथं. माय, इकडं, माह्या आवाजाकडं ये.

चंद्रभान, हात पुढं कर. उजवा.

ती काय म्हणाली ते मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ती म्हणाली, ‘तुह्या मायच्याकडचंही मीच देऊन राहिली. दोघींचं हाये, सांडू नको.’

अध्यक्ष महाराज, त्याला सत्काराला उत्तर देण्याची विनंती आपण आता करू नये. घाबरू नका, त्याला काही लागलेलं नाही. आम्ही हे मौन पूर्वी पाहिलं आहे. आज फक्त हातात मोरपिसं नाहीत. भगत बोलवायची गरज नाही. तिन्हीसांजेपर्यंत आपोआप सुटतं.

तेवढ्यात मी माझं काम संपवतो. अध्यक्षांचे, साहेबांचे, शेटजींचे, मांडव घालणाऱ्यांचे, एकच सनई पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्यांचे आणि एवढा वेळ न उठलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. मास्तरांचे विशेष, खोकल्याबद्दल आणि शेवटी न खोकल्याबद्दलही. माझ्या बोलण्यात, वागण्यात, हात हलवण्यात कोणाला काही विपरीत वाटलं असेल, तर रागावण्याच्या आधी एकदा मला विचारा, पाटील, तुमच्याकडे हे कसं असतं? मी आधी ‘काही नाही’ म्हणेन. तुम्ही पुन्हा विचारा.

काय रे? मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू दे.

‘येतो, माय’ म्हणाला. ‘जातो’ नाही म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं. साहेब, तुम्ही साक्षीला आहात. माय, ऐकलं ना तू? मंग झालं. आता मी बसतो.